हल्लीच्या सिनेमा-मालिकांतले ड्रॅगन इतके खरे का वाटतात? नुसते कंप्युटर सुधारले म्हणून का?

तुम्ही लिहिलंय की सातवीतल्या मुलीबरोबर सुट्टीत ओळीने ड्रॅगनचे सिनेमे बघताय, आणि जुन्यांपेक्षा नवे ड्रॅगन फार खरे वाटतात, त्याचं कारण फक्त ग्राफिक्स आहे का आणखी काही. शिवाय मुलीचं म्हणणं असं की दोन पायांचा असेल तर तो ड्रॅगनच नव्हे, त्याला वायव्हर्न म्हणतात, आणि त्यावरून घरात वाद पेटलाय. दोन्हींचं उत्तर देतो. लांबेल, पण हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

मी अ‍ॅनिमेशनमध्ये रिगिंगचं काम करतो. कंप्युटरवर घडवलेल्या प्राण्याच्या आत हाडं, सांधे, स्नायू बसवायचे, म्हणजे पुढे अ‍ॅनिमेटरला तो हलवता येतो. हॉलिवूडच्या ड्रॅगनना माझा हात लागलेला नाही, पण उडणारे प्राणी मात्र बरेच केलेत.

कंप्युटर सुधारले हे खरंच. पण मला विचाराल तर मोठा बदल हा झाला की ड्रॅगन जनावर झाला. आमच्याकडे कोकणात दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत, ‘जनावर दिसलं’ एवढंच म्हणतात. त्या शब्दात भीती असते, आणि एक समजही असते, की ते जिवंत आहे, त्याची स्वतःची वाट आहे, तुम्ही त्याच्या वाटेत येऊ नका. जुन्या पडद्यावरच्या ड्रॅगनमध्ये ही समज नव्हती. तो संकट होता, नायकाने मारायचा अडथळा होता. १९२४ साली जर्मनीत फ्रिट्झ लांगने ‘डी निबेलुंगेन’ केला, त्यात आत माणसं बसवून चालवलेला प्रचंड यांत्रिक ड्रॅगन आहे. त्या काळाच्या मानाने थक्क करणारं काम. पण नायक सिगफ्रिड येतो, त्याला मारतो, त्याच्या रक्तात न्हातो आणि पुढे जातो. ड्रॅगनने तोवर काय केलं होतं, तो कुठून आला, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

वळण आलं ते १९८१च्या ‘ड्रॅगनस्लेअर’मध्ये, असं मी मानतो. मुलीला तो कदाचित संथ वाटेल, तरी त्यातला ड्रॅगन दाखवाच. त्याचं नाव वर्मिथ्रॅक्स पेजोरेटिव्ह. दिग्दर्शक मॅथ्यू रॉबिन्सने तो कितीतरी वेळ पुरता दाखवलाच नाही. आधी शेपूट, मग एक पंजा, मग सावली. आणि जेव्हा तो गुहेतून सरपटत पुढे येतो, तेव्हा पंखांच्या कोपरांवर भार टाकून येतो, वटवाघूळ जमिनीवर चालतं तसा. त्याआधीच्या पद्धतीत बाहुली थोडी हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची, पुन्हा फ्रेम. प्रत्येक फ्रेमला बाहुली स्थिर असल्यामुळे चित्र अगदी स्पष्ट यायचं आणि हालचाल तुटक दिसायची. खऱ्या हलत्या वस्तूचा फोटो काढला की तो किंचित फराटतो, म्हणजे पुसट होतो, आणि आपल्या डोळ्याला त्या फराट्याची सवय असते. फिल टिपेट आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीतल्या मंडळींनी बाहुलीला मोटरवर चालणाऱ्या दांड्या जोडल्या आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच ती हलवली. त्याला गो-मोशन म्हणतात. त्या एवढ्याशा फराट्याने वर्मिथ्रॅक्सला वजन आलं.

वजन हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. नवा होतो तेव्हा एका जाहिरातीसाठी मोठा पंखवाला प्राणी करायचा होता. दोन रात्री जागून शॉट दाखवला. आमचे लीड बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, हा उडत नाहीये, सरकतोय.’’ त्यांनी मला पुढचे दोन दिवस कंप्युटरला हात लावू दिला नाही. हिवाळा होता, भिगवणला पाठवलं, रोहित पक्षी बघायला. आपण रोहित म्हटलं की गुलाबी रंगाचं बोलतो. मी तिथे नावेत बसून त्यांचे पाय बघत होतो. रोहित उभ्या जागेवरून भुर्रकन उडत नाही. आधी मान पुढे लांब करतो, मग पाण्यावरून धावत सुटतो, धप धप धप धप, पंख मारत, आणि बऱ्याच पावलांनंतर पाणी त्याला सोडतं. पाच किलोसुद्धा नसलेल्या पक्ष्याची ही गत. मग हत्तीएवढं धूड हवेत जायचं तर किती झटावं लागेल? परत येऊन मी त्या प्राण्याला आधी पळायला लावलं. शॉट एका दिवसात पास झाला.

तेव्हापासून कुठलाही ड्रॅगन बघताना मी आग बघत नाही, तो उडतो कसा आणि उतरतो कसा ते बघतो. उतरताना माती दबते का, पायाच्या सांध्यात झटका बसतो का, पंख मिटायला वेळ लागतो का. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेतला ड्रोगन हा ड्रॅगन जमिनीवर चालताना बघा. पंखांची मनगटं टेकवत, खांदे वरखाली होत, बेढब चालतो. हवेत जो राजा असतो तो जमिनीवर अवघडलेला दिसतो, आणि त्या अवघडलेपणामुळेच विश्वास बसतो.

आता दोन पाय का चार पाय. मुलीची माहिती चुकीची नाही. ब्रिटिश घराण्यांच्या चिन्हांची जी परंपरा आहे, तिच्यात चार पाय आणि दोन पंख असला तर ड्रॅगन, दोन पाय आणि दोन पंख असला तर वायव्हर्न, असा फरक करतात. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन चार पायांचा आहे. पण हा नियम त्या चिन्हांपुरता. बाकीच्या युरोपात आणि जुन्या चित्रांत ड्रॅगन दोन पायांचेही आहेत, चार पायांचेही आहेत, पाय नसलेलेही आहेत.

हाडांच्या बाजूने बघितलं तर मी दोन पायवाल्यांच्या पक्षात आहे. पाठीचा कणा असलेल्या एकाही प्राण्याला हात, पाय, पंख धरून सहा अवयव नाहीत. पक्षी, वटवाघूळ, डायनासोरच्या काळातले टेरोसॉर, या सगळ्यांचे पंख म्हणजे मुळात पुढचे पायच. घरी कोंबडी आणाल तेव्हा मुलीला हे दाखवा. पंखाचा सांधा न कापता अख्खा पंख घ्या, कोपरापाशी धरून हळूच सरळ करा. मनगट आपोआप उघडतं, तुम्ही त्याला हात न लावता. खांदा आणि मनगट यांच्यामध्ये कातडीचा एक पातळ पडदा ताणला जातो. पक्ष्याच्या हातातली दोन हाडं एकमेकांवर सरकतात म्हणून कोपर आणि मनगट जोडीने उघडतं. हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभा राहून तो पंख वीस-पंचवीस वेळा उघडला आणि मिटला. आणि छातीवरचं मांस तर आपण खातोच. उडणारा स्नायू तो. चार पायांच्या ड्रॅगनला पुढच्या पायांचे खांदे वेगळे आणि पंखांचे वेगळे लागतात, दोन्हींचे स्नायू त्याच छातीवर जागा मागतात. रिग करताना ही ओढाताण रोजची.

ज्यांच्या पुस्तकांवरून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ आलं ते लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन या बाबतीत फार कडक आहेत. त्यांचे ड्रॅगन दोन पायांचे, कारण निसर्गात चार पाय आणि वर पंख असं काही नाही. मालिकेत टारगॅरियन या ड्रॅगनवाल्या राजघराण्याच्या चिन्हावर चार पाय आले म्हणून २०२४ साली त्यांनी आपल्या ब्लॉगवर उघड नाराजी लिहिली. ‘हॉबिट’चा किस्सा तर तुम्हाला घरीच बघता येईल. २०१२च्या पहिल्या भागात स्मॉग या ड्रॅगनची झलक दिसते तेव्हा त्याला पुढचे पाय आहेत. २०१३च्या दुसऱ्या भागात तो पुरता दिसतो तेव्हा पुढचे पाय गेलेत, पंखच हात झालेत. मधल्या काळात नट बेनेडिक्ट कंबरबॅचने आवाजाबरोबर अंगानेही भूमिका केली, आणि पंखांवर रेलून, रांगत, बोलत जाणारा स्मॉग जास्त जिवंत वाटायला लागला. मग पहिल्या भागाच्या वाढीव आवृत्तीत ती झलकही बदलून घेतली.

मात्र माझ्या सगळ्यात आवडत्या ड्रॅगनला चार पाय आहेत. २०१०च्या ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’मधला टूथलेस. माझा हाडांचा सगळा हिशोब त्याच्यापुढे बाजूला राहतो, कारण त्याला करणाऱ्यांनी मांजर, कुत्रा आणि काळा बिबट्या इतक्या बारकाईने पाहिलेत की सहा अवयव मोजायचं सुचतच नाही. क्रेसिडा कॉवेलच्या ज्या पुस्तकावरून हा सिनेमा आला, त्यात टूथलेस लहानसा आहे, आणि ड्रॅगनांची स्वतःची भाषा आहे, ते बोलतात. सिनेमा करताना दिग्दर्शक ख्रिस सँडर्स आणि डीन डीब्लोआ यांनी तो मोठा, काळा आणि मुका केला. १९९६च्या ‘ड्रॅगनहार्ट’मध्ये ड्रेको शॉन कॉनरीच्या आवाजात अख्खा सिनेमाभर बोलतो, आणि त्याच्या चेहऱ्यासाठी कॉनरीच्या जुन्या भूमिकांमधले हावभाव अभ्यासले होते. छान आहे, पण तो ड्रॅगनच्या अंगातला माणूस आहे. टूथलेसने बोलणं टाकलं आणि तो जनावर झाला.

त्यातलं मैत्रीचं दृश्य तुम्ही पाहिलंच असेल, पुन्हा एकदा हळू बघा. काही मिनिटं कुणी धड बोलत नाही. हिकप हा सिनेमाचा नायक, एक पोरगा, काठीने मातीत ड्रॅगनचं चित्र काढतो. टूथलेस बघतो, एक झाड उपटतो आणि खोड मातीत ओढत गोल गोल रेघा मारत सुटतो. हिकपचा पाय एका रेघेवर पडतो, टूथलेस गुरगुरतो. पाय उचलतो, गुरगुरणं थांबतं. पुन्हा ठेवतो, पुन्हा गुरगुर. मग तो रेघा चुकवत, पावलं टाकत, गिरक्या घेत घेत नकळत त्याच्या नाकाशी येऊन उभा राहतो. हात पुढे करतो. ड्रॅगन मागे सरतो. आणि तेव्हा हिकप मान फिरवतो, डोळे मिटतो, हात तसाच ठेवतो. पुढचं टूथलेसने ठरवायचं. ज्याने भेदरलेल्या भटक्या कुत्र्याला कधी आपलंसं केलंय त्याला हे ठाऊक असतं, की डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, हात द्यायचा आणि थांबायचं. हे दृश्य लागलं की आजही माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

त्याचा आवाजही जनावरांचाच आहे. साउंड डिझायनर रँडी थॉम यांनी एलिफंट सील, घोडा, वाघ, घरातली मांजर यांचे आवाज मिसळले आणि त्यात स्वतःचाही घातला.

आणि या सिनेमात हिशोब चुकता होतो. टूथलेसच्या शेपटीचा एका बाजूचा पंखा हिकपच्याच हत्याराने तुटलाय, म्हणून तो उडू शकत नाही. हिकप चामडं आणि लोखंडाचा कृत्रिम पंखा करून देतो, जो त्यालाच पायाने चालवावा लागतो. शेवटी हिकपचा एक पाय जातो, आणि उठून चालताना तो टूथलेसच्या डोक्याचा आधार घेतो. मुलांच्या सिनेमात एवढं धाडस क्वचित होतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ मुलीला इतक्यात दाखवू नका. पण तुमच्यासाठी त्यातला एक प्रसंग सांगतो, चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागातला, २०१४चा. ड्रॅगन पाळणारी राणी डेनेरिस दरबारात बसलीये. एक धनगर पुढे येतो, हातात गाठोडं. आधीही लोक मेलेल्या बकऱ्यांची हाडं घेऊन आले होते आणि तिने भरपाई दिली होती. हा गाठोडं सोडतो आणि आत त्याच्या तीन वर्षांच्या मुलीची जळालेली हाडं असतात. आग नाही, लढाई नाही, ड्रॅगन समोरही नाही. त्या भागाच्या शेवटी ती हाती लागलेल्या दोन ड्रॅगनना तळघरात नेते, गळ्यात साखळी अडकवते आणि रडत बाहेर पडते, मागून ते ओरडत राहतात. जनावर पाळलं की त्याने केलेल्या नुकसानाचा धनी पाळणारा असतो, हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पडद्यावर ते इतक्या स्वच्छपणे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. २०११च्या शेवटच्या हॅरी पॉटरमध्ये बँकेच्या तळघरातला पांढुरका ड्रॅगनही साखळीत आहे, खुळखुळ्याचा आवाज आला की मार बसणार हे त्याला शिकवलेलं, म्हणून तो नुसत्या आवाजाने अंग चोरतो. तोही अवश्य बघा.

‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये कारागिरी अफाट आहे. आग बरीचशी खरी, फ्लेमथ्रोअरने काढलेली. स्वाराचं दृश्य असेल तर नटी मोटरवर हलणाऱ्या हिरव्या धुडावर बसलेली, आणि ते धूड आधी तयार झालेल्या अ‍ॅनिमेशनबरहुकूम हलतं, म्हणजे ड्रॅगनच्या पाठीचा हिसका तिच्या मानेपर्यंत खराखुरा पोचतो. तरीही शेवटच्या दोन सीझनमध्ये माझं मन उतरलं. कथेला घाई झाली आणि ड्रॅगन लढाऊ विमानं झाले. एका भागात समुद्रातल्या जहाजांवरून सोडलेल्या बाणांनी रेगल हा दुसरा ड्रॅगन बघता बघता पडतो, पुढच्याच भागात तसल्याच बाणांना ड्रोगन सहज चुकवून शहर जाळतो. असं झालं की वजन जातं. हाडं कितीही नीट बसवा.

ते वजन परत आलं ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या त्याच्या आधीच्या काळाची गोष्ट सांगणाऱ्या मालिकेत, २०२२च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात. पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा. एमंड आणि लुसेरिस हे दोन भाऊबंद, दोघं पोरगेलेच. लहानपणच्या मारामारीत एमंडचा डोळा लुसेरिसने फोडलेला. लुसेरिसचा ड्रॅगन अ‍ॅरॅक्स लहान, एमंडची ड्रॅगन व्हेगार राज्य जिंकणाऱ्या पहिल्या पिढीपासूनची, गळ्याखालची कातडी लोंबणारी, पंखांना भोकं पडलेली म्हातारी. वादळात अ‍ॅरॅक्स ढगांतून वाट काढतोय आणि वर एक आकार सरकतो. क्षणभर वाटतं ढगच आहे. एमंडला फक्त घाबरवायचं असतं. पण अ‍ॅरॅक्स बिथरतो, स्वाराचं न ऐकता म्हातारीच्या तोंडावर आग फेकतो, आणि व्हेगार चिडते. दोघं पोरं आपापल्या ड्रॅगनला ‘थांब, ऐक’ म्हणून ओरडतायत, आणि कुणीही ऐकत नाही. मग एमंडचा चेहरा दिसतो. ती भीती ज्याने बैल उधळलेला पाहिलाय त्याला कळेल. कासरा हातात असतो आणि उपयोग शून्य. पुढचं सगळं युद्ध पेटतं ते यातून.

पूर्वेकडचा ड्रॅगन ही वेगळीच गोष्ट, आणि आपल्या जास्त जवळची. चीन-जपानचा ड्रॅगन पाण्याचा, पावसाचा. पंख नसतात, तरी उडतो. आपल्याकडेही ऋग्वेदातला वृत्र पाणी अडवून बसलेला अहि, म्हणजे साप, आहे, कालिया यमुनेच्या डोहात आहे. म्हणून ‘स्पिरिटेड अवे’ या जपानी सिनेमातला हाकू हा ड्रॅगन मला परका वाटला नाही. २००१चा सिनेमा, हायाओ मियाझाकींचा. हाकू नदी आहे. कोहाकू नावाची नदी बुजवून त्यावर इमारती उभ्या केल्या, म्हणून त्याला घर राहिलं नाही आणि स्वतःचं नावही आठवत नाही. पुण्या-मुंबईत ओढे बुजवून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांमध्ये आपण राहतो, त्यामुळे हे मला चांगलंच लागलं.

पंखच नसलेल्या या ड्रॅगनला वजन द्यायचं कसं? मियाझाकींनी ते तोंडातून दिलं. जखमी हाकू रक्त ओकत पडलाय आणि चिहिरो, सिनेमातली लहान नायिका, त्याचा जबडा उघडून औषधाचा गोळा आत कोंबते. या दृश्यासाठी त्यांची मंडळी जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन कुत्र्याचा जबडा उघडताना पाहून, चित्रित करून आली होती. म्हणूनच ती पोरगी आपलं अख्खं वजन टाकून त्याचं तोंड दाबून धरते तेव्हा आपलेही दात आवळले जातात.

मुलीबरोबर बघायचा क्रम विचारलात. आधी ‘स्पिरिटेड अवे’, मग ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’ २०१०चा, त्याच दिग्दर्शकांपैकी डीब्लोआने २०२५ साली खऱ्या नटांना घेऊन केलेला त्यानंतर. मग ‘हॉबिट’चा दुसरा भाग, निदान स्मॉग आणि नायक बिल्बोच्या भेटीपर्यंत. ‘ड्रॅगनस्लेअर’ तुम्ही आधी एकट्याने बघा, त्यात एक-दोन जागा लहानांना जड जातील. आणि रविवारी कोंबडी आणलीत तर एक पंख तिच्यासाठी अख्खा ठेवा. कोपर तिलाच उघडू द्या.